पंगतीची सेवा

श्रींचे दर्शन घेऊन भाविक सभामंडपाबाहेर येतात, तेव्हा त्यांची पावले सहजच महाप्रसादगृहाकडे वळतात. हातपाय धुऊन, रांगेत उभे राहून ते आत येतात, पंगत बसते, ताट समोर येते आणि पंधरा-वीस मिनिटांत जेवण उरकून पुढील पंगतीसाठी जागा मोकळी होते. या पंधरा-वीस मिनिटांमागे किती हात राबलेले असतात, ते हात कोणाचे असतात आणि त्यांतील पुष्कळसे हात कोणताही मोबदला न घेता का राबतात, याचा विचार जेवणाऱ्याच्या मनात क्वचितच येतो. तो यावा, आणि ज्यांना पुढे कधी ही सेवा करण्याची इच्छा होईल त्यांना तिचे खरे स्वरूप आधीच समजावे, या हेतूने प्रस्तुत माहिती दिली आहे.

परंपरा

अन्नदान हे श्रेष्ठ दान मानण्याची परंपरा आपल्याकडे फार जुनी आहे. तैत्तिरीय उपनिषदाच्या भृगुवल्लीत वरुणाचा पुत्र भृगू ब्रह्माचा शोध घेण्यासाठी तप करतो. त्याला प्रथम उमगते ते अन्न. प्राण, मन, विज्ञान आणि आनंद या पायऱ्या त्यानंतर येतात. त्याच वल्लीत निवाऱ्यास आलेल्या कोणासही परत न पाठविण्याचे व्रत सांगितले आहे. गृहस्थाने वैश्वदेव करावा, काकबळी ठेवावा, अतिथीची वाट पाहावी आणि मगच आपण जेवावे, हा घरोघरचा परिपाठ याच विचारातून आला. दारी येणाऱ्या माधुकरी मागणाऱ्यास प्रत्येक घरातून थोडे थोडे अन्न मिळे; त्यामुळे एका घरावर भार पडत नसे आणि मागणारा उपाशीही राहत नसे. अन्नछत्र ही या घरगुती परिपाठाचीच मोठी आवृत्ती होय.

महाराष्ट्राच्या संतपरंपरेत तर अन्नदानाच्या कथा पावलोपावली आढळतात. पंधराव्या शतकात बिदरच्या बहामनी राजवटीत मंगळवेढ्याचे दामाजीपंत यांनी दुष्काळात सरकारी कोठारे उघडून भुकेल्यांना धान्य वाटले आणि त्याची भरपाई करण्यासाठी विठ्ठलाने विठू महाराचे रूप घेतले, ही कथा आजही कीर्तनात रंगते. पैठणास एकनाथ महाराजांनी श्राद्धासाठी रांधलेले अन्न दारावरून जाणाऱ्या भुकेल्या अस्पृश्यांना वाढले, ही कथाही तशीच सर्वश्रुत आहे. या दोन्ही कथांमध्ये अन्न देणाऱ्याने काहीतरी पणाला लावले होते. एकाने आपली नोकरी आणि प्राण, तर दुसऱ्याने आपली जातीतील प्रतिष्ठा. उरलेसुरले देणे याला आपल्या संतांनी अन्नदान म्हटलेले दिसत नाही.

अलीकडच्या काळातील उदाहरण संत गाडगेबाबांचे. बाबांचा काळ १८७६ ते १९५६. अमरावती जिल्ह्यात पूर्णा नदीकाठी ऋणमोचन येथे भरणाऱ्या यात्रेत ते आंधळ्या-पांगळ्यांना व गोरगरिबांना जेवू घालीत. पुढे पंढरपूर, नाशिक, आळंदी, देहू येथे त्यांनी धर्मशाळा उभारल्या. मुंबईत दादर येथील त्यांच्या नावाची धर्मशाळा बाहेरगावाहून उपचारांसाठी येणाऱ्या कर्करोगाच्या रुग्णांचा आणि त्यांच्या नातलगांचा आधार आहे. लाखो रुपयांची कामे ज्यांच्या शब्दाने झाली ते बाबा स्वतः मात्र मागून आणलेली भाकरी गाडग्यात घेऊन खात.

विदर्भातील शेगावचा उल्लेख येथे अपरिहार्य आहे. २३ फेब्रुवारी १८७८ रोजी, माघ वद्य सप्तमीस, श्री गजानन महाराज प्रथम लोकांच्या दृष्टीस पडले ते देविदास पातुरकर यांच्या घराबाहेर टाकलेल्या उष्ट्या पत्रावळींतील अन्नकण वेचून खाताना. ज्या संस्थानाच्या आरंभीच टाकून दिलेल्या अन्नाचे असे दर्शन आहे, तेथे पुढे महाप्रसादाची आणि सेवाधाऱ्यांची मोठी व्यवस्था उभी राहिली, यात एक संगती आहे. गावोगावचे सेवाधारी आळीपाळीने येऊन पांढऱ्या वेशात झाडलोटीपासून वाढण्यापर्यंत सर्व कामे विनामूल्य करतात, आणि तेथील स्वच्छता व शिस्त पाहून परप्रांतीय भाविकही चकित होतात.

अक्कलकोट येथे १९८८ साली श्री स्वामी समर्थ अन्नछत्र मंडळाची स्थापना जन्मेजयराजे भोसले यांनी केली आणि तेथे दोन्ही वेळा महाप्रसाद मिळू लागला. शिर्डीच्या साईबाबांविषयी साईसच्चरितात वर्णन आहे की, बाबा स्वतः बाजारात जाऊन जिन्नस आणीत, मसाला वाटीत आणि मोठ्या हंडीत अन्न शिजवून फकिरांना व गरिबांना आपल्या हाताने वाढीत. त्याच शिर्डीत ३० जुलै २००९ रोजी प्रसादालयात सूर्याच्या उष्णतेवर वाफ तयार करून स्वयंपाक करणारी यंत्रणा कार्यान्वित झाली. तिच्यासाठी छतावर ७३ परावर्तक तबकड्या बसविल्या होत्या.

नांदेड येथे १७०८ साली गुरू गोविंदसिंग यांचे निर्वाण झाले. तेथील सचखंड श्री हुजूर साहिब गुरुद्वाऱ्यास जाणाऱ्या मराठी यात्रेकरूंनी लंगर पाहिलेलाच असतो. आधी पंगत आणि मग संगत, हा दंडक तिसरे गुरू अमरदास यांनी घातला. भेटीस येणारा कोणीही असो, त्याने प्रथम सर्वांबरोबर जमिनीवर बसून जेवायचे आणि नंतरच गुरूंसमोर यायचे. कर्नाटकात बसवेश्वरांनी सांगितलेला दासोह हाही याच कुळातला विचार. धर्म आणि भाषा वेगळ्या असल्या तरी पंगतीची रीत सारखीच.

पंक्तिप्रपंच

मराठीत ‘पंक्तिप्रपंच’ हा एक अर्थपूर्ण शब्द आहे. एकाच पंगतीत बसलेल्यांना वेगवेगळ्या तऱ्हेने वाढणे, ओळखीच्या माणसाच्या ताटात तुपाची धार जरा जास्त धरणे आणि अनोळख्याच्या ताटावरून ओगराळे नुसतेच फिरविणे, याला पंक्तिप्रपंच म्हणतात. वाढप्याने करू नये असा हा मोठा दोष मानला जात असे. तो दोष आहे हे समाजाला ठाऊक होते म्हणूनच त्याला नाव पडले. आणि नाव पडण्याइतका तो सर्रास घडत होता, हेही तेवढेच खरे.

जुन्या काळी पंक्तिप्रपंच केवळ तुपापुरता नव्हता. जातीजातींच्या पंगती वेगळ्या बसत. काहींना पंगतीत स्थानच नसे. देवळाबाहेर, उन्हात, सर्वांचे जेवण झाल्यावर त्यांच्या ओंजळीत उरलेले अन्न पडे. पंढरपूरच्या विठ्ठलमंदिरात हरिजनांना प्रवेश मिळावा म्हणून साने गुरुजींनी १९४७ साली १ मेपासून १० मेपर्यंत उपोषण केले, तेव्हा कोठे ते दार उघडले. दर्शनाच्या रांगेतील भेद मिटविण्यासाठी एका सत्पुरुषाला प्राण पणाला लावावे लागले, हे आज एका पंगतीत मांडीला मांडी लावून बसणाऱ्यांनी विसरणे योग्य नव्हे. ज्या महाप्रसादगृहात आज कोणी कोणाची जात विचारीत नाही, ते तसे आपोआप झालेले नाही.

आजचे भेद निराळे आहेत. देणगीदारासाठी वेगळी बैठक, ओळखीच्या कुटुंबास आतल्या दाराने प्रवेश, आणि फाटक्या कपड्यातील माणसाकडे पाहण्याची वाढप्याची नजर, ही त्यांची काही रूपे. वृद्ध, अपंग, लेकुरवाळ्या स्त्रिया यांना प्राधान्य देणे हा भेद नव्हे. ती सोय आहे. परंतु जो रोजच जेवायला येतो त्या निराधाराकडे ‘हा पुन्हा आला’ अशा नजरेने पाहणे हा पंक्तिप्रपंचच होय. अन्नछत्रात यात्रेकरू आणि भिक्षेकरी यांच्यात फरक करण्याचा अधिकार वाढप्याला दिलेला नसतो. अनुभवी सेवेकरी नव्या मंडळींना सांगतात की, वाढताना जेवणाऱ्याच्या चेहऱ्याकडे न पाहता ताटाकडे पाहावे. काय हवे ते ताटच सांगते.

छायाचित्रांचाही येथे उल्लेख केला पाहिजे. वाढदिवसानिमित्त किंवा आप्तांच्या पुण्यतिथीनिमित्त अन्नदान करणारी कुटुंबे हातात भांडे घेऊन छायाचित्र काढून घेतात. कुटुंबाचे छायाचित्र काढण्यास कोणाची हरकत नाही; परंतु समोर जेवत असलेल्या माणसाने त्यास संमती दिलेली नसते. भूक लागणे ही लाजेची गोष्ट नाही, पण आपले जेवतानाचे चित्र अनोळखी लोकांच्या हाती जावे असे कोणालाच वाटणार नाही. छायाचित्र काढायचेच असेल तर पंगत बसण्यापूर्वी, रिकाम्या ताटांजवळ उभे राहून काढावे.

कोठीघर आणि चूल

सेवा करावयाची म्हणजे हातात वरणाची बादली घेऊन पंगतीतून फिरावयाचे, अशी बहुतेक नव्या सेवेकऱ्यांची कल्पना असते. प्रत्यक्षात वाढणे हा एकूण कामाचा लहानसा भाग. तांदूळ-डाळ निवडणे, भाजी चिरणे, कणीक मळणे, पोळ्या लाटणे, पाणी भरणे, ताटे मांडणे, उष्टी काढणे, खरकटे उचलणे, भांडी घासणे, जमीन पुसणे, ही कामे दिवसभर चालतात आणि तेथेच माणसांची वाण असते. पांडवांच्या राजसूय यज्ञात श्रीकृष्णाने आपल्याकडे उष्टी पत्रावळी उचलण्याचे काम घेतले, अशी कथा कीर्तनकार सांगतात. वाढण्यासाठी दहा जण पुढे येतात आणि मोठ्या कढया घासण्यासाठी दोन, हा सार्वत्रिक अनुभव पाहता ही कथा कोणाला उद्देशून रचली गेली असावी हे सहज लक्षात येते.

कोठीघराचे गणित हा एक स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे. जेवणात भातच मुख्य असेल तर एक किलो तांदूळ साधारणपणे दहा-बारा माणसांना पुरतो. पोळी किंवा भाकरी सोबत असेल तर पंधरा जणांना. तुरीची डाळ एक किलोस सुमारे वीस माणसे धरतात. म्हणजे हजार माणसांच्या पंगतीस पोळी असताना सुमारे ६५ ते ७० किलो तांदूळ आणि ५० किलो डाळ लागते. पण हे आकडे कागदावरचे झाले. पौर्णिमेस किती गर्दी होईल, पाऊस लागला तर किती कमी होईल, मुलांच्या परीक्षांच्या दिवसांत काय होते, एखाद्या गावाची दिंडी अचानक आली तर काय करायचे, हे मुख्य आचारी आणि कोठीवाले यांच्या अनुभवावर ठरते. म्हणून जाणती अन्नछत्रे सगळा भात एकदम शिजवीत नाहीत. एक घाणा उतरला की दर्शनाच्या रांगेचा अंदाज घेतात आणि मगच दुसरा चढवितात. शेवटच्या पंगतीस भात थोडा उशिरा मिळाला तरी चालेल, पण चार पातेली उरू नयेत, हा त्यामागील हिशेब असतो.

आळंदी-देहूहून पंढरपूरला जाणाऱ्या पालख्यांच्या वाटेवर हे गणित आणखी वेगळ्या रीतीने सोडविलेले दिसते. प्रत्येक दिंडीचा स्वतःचा स्वयंपाक असतो, आणि शिधा, भांडी, सरपण वाहणारी गाडी दिंडीच्या आधी मुक्कामाला पोहोचते. त्याखेरीज वाटेवरची गावे आपला वाटा उचलतात. पुणे जिल्ह्यातील दौंड तालुक्यात यवत येथे संत तुकाराम महाराजांची पालखी मुक्कामास येते, तेव्हा गावकरी वारकऱ्यांना पिठले-भाकरीचा महाप्रसाद देतात. पिठले मोठ्या कढयांत एकत्र शिजते, भाकऱ्या मात्र घराघरांतून थापून येतात. हजारो भाकऱ्या एका चुलीवर करणे कोणाही आचाऱ्यास अवघड; तेच काम शेकडो चुलींवर एका सकाळीत होते. गावातील कोणत्या घराने किती भाकऱ्या दिल्या हे पंगतीत बसलेल्या वारकऱ्यास कळत नाही आणि देणाऱ्या माउलीस ते कळविण्याची इच्छाही नसते. माधुकरीची जुनी रीत येथे उलट्या दिशेने चाललेली दिसते. घरे दारी येणाऱ्याची वाट पाहत नाहीत; तीच अन्न घेऊन पंगतीकडे जातात.

अन्नाची शुद्धता

महाप्रसाद म्हटले की भाविक निःशंक मनाने तो ग्रहण करतो. या विश्वासामुळेच अन्नछत्रावरील जबाबदारी हॉटेलपेक्षा अधिक ठरते. फेब्रुवारी २०२४ मध्ये बुलढाणा जिल्ह्यातील लोणार तालुक्यात एका गावी सप्ताहातील एकादशीच्या प्रसादातून शेकडो लोकांना विषबाधा झाली. भगर आणि आमटी असा तो उपवासाचा प्रसाद होता. रुग्णालयात जागा अपुरी पडल्याने रुग्णांना उघड्यावर, दोऱ्यांना सलाइनच्या बाटल्या टांगून उपचार द्यावे लागले. श्रद्धेने रांधलेले आणि श्रद्धेने खाल्लेले अन्न होते. कोणाच्याही मनात वाईट नव्हते. शुद्ध भावना शुद्ध अन्नाची हमी देत नाही, हे कटू सत्य अशा वेळी समोर येते.

भगरीवर ओलसर हवेत बुरशी चटकन धरते आणि तिच्यातून विषारी द्रव्ये निर्माण होतात. नवरात्र आणि महाशिवरात्रीच्या सुमारास अशा घटना महाराष्ट्रात वारंवार घडल्याने अन्न व औषध प्रशासन सूचना देत आले आहे की भगर सुटी न घेता पाकीटबंद व मुदतीतील घ्यावी, तयार पीठ आणू नये, भगर निवडून-धुऊन लागेल तेवढीच दळावी आणि शिजविल्यावर फार वेळ ठेवू नये. एकादशीस अन्नदान करू इच्छिणाऱ्या दात्यांनी भगरीचा आग्रह न धरता द्वादशीच्या पारण्याचे जेवण द्यावे, हा उपाय अधिक सोपा आहे. धर्मशास्त्राचीही त्यास आडकाठी नाही.

भाताविषयी एक गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते. शिजलेला भात तासन्‌तास कोमट राहिला तर त्यात एका जातीचे जंतू वाढून विष तयार करतात आणि ते विष भात पुन्हा तापविल्याने नाहीसे होत नाही. ‘गरम केला की झाले’ ही समजूत येथे उपयोगी पडत नाही. अन्न एकतर वाफाळते, म्हणजे ६० अंश सेल्सिअसच्या वर, ठेवावे किंवा लवकर थंड करून ५ अंशांच्या खाली ठेवावे. मधली स्थिती धोक्याची. हाताला जखम, पू किंवा गळू झालेल्या सेवेकऱ्याने स्वयंपाकास व वाढण्यास हात लावू नये, यामागेही असेच कारण आहे. त्या जखमेतील जंतूंचे विषही उकळण्याने जात नाही. अशा सेवेकऱ्यास चपला सांभाळण्याच्या किंवा रांग लावण्याच्या सेवेस पाठवितात. त्याने ते मनाला लावून घेण्याचे कारण नाही.

लग्नसमारंभात उरलेले अन्न अन्नछत्रात आणून देण्याची इच्छा अनेक भाविक व्यक्त करतात आणि नकार मिळाल्यास नाराज होतात. ते अन्न केव्हा शिजले, कोणी हाताळले, किती वेळ उघडे होते, हे कोणासही खात्रीने सांगता येत नसल्याने ते पंगतीत घेता येत नाही. उरलेले अन्न गरजूंपर्यंत पोहोचविण्याचे काम वेगळ्या रीतीने, वेगाने करावे लागते. मुंबईच्या डबेवाल्यांनी २०१५ साली ‘रोटी बँक’ या नावाने ते सुरू केले. समारंभ संपताच अन्न उचलून जवळच्याच भुकेल्यांना त्याच वेळी देणे ही त्यामागील युक्ती. अशा वाटपासंबंधी केंद्रीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१९ मध्ये स्वतंत्र विनियम केले आहेत. ज्यांच्या घरी कार्य आहे त्यांनी आपल्या शहरातील अशा संस्थेस आधीच कळवून ठेवावे. रात्री अकरा वाजता पातेले गाडीत घालून देवस्थानाचे दार ठोठावू नये.

देणगीदारांसाठी

महाभारताच्या आश्वमेधिक पर्वात अर्धे अंग सोन्याचे असलेल्या मुंगसाची कथा आहे. युधिष्ठिराच्या यज्ञात अपार दान झाले. तेथे येऊन ते मुंगूस लोळले, पण उरलेले अर्धे अंग काही सोन्याचे झाले नाही. कुरुक्षेत्रातील एका दरिद्री ब्राह्मणाने दुष्काळात वेचून आणलेले मूठभर सातू स्वतः उपाशी राहून अतिथीस दिले होते. त्या अन्नाच्या कणांत लोळून त्याचे पहिले अर्धे अंग सोन्याचे झाले होते. ही कथा मोठ्या देणगीदारास कमी लेखण्यासाठी नाही. मोठी देणगी नसती तर आजची अन्नछत्रे चाललीच नसती. परंतु देणगीची रक्कम लहान आहे म्हणून संकोचाने परत जाणाऱ्या भाविकाने ती जरूर आठवावी.

बहुतेक संस्थानांत कायम अन्नदान ठेव योजना असते. दात्याने दिलेली रक्कम ठेवीत राहते आणि तिच्या व्याजातून दरवर्षी ठरावीक तिथीस अन्नदान होते. तिथी निवडताना सर्वांची धाव गुरुपौर्णिमा, प्रकटदिन, पुण्यतिथी, दत्तजयंती अशा दिवसांकडे असते. त्या दिवशी धान्याची आणि हातांचीही रेलचेल असते. भाद्रपदातील एखाद्या साध्या मंगळवारी मात्र, यात्रा नाही, सुट्टी नाही, अशा वेळी कोठी आणि स्वयंपाकघर दोन्ही सुनी असतात. भूक मात्र तेवढीच असते. आप्तांच्या तिथीचा आग्रह नसेल तर दात्यांनी दिवस संस्थानावर सोपवावा.

धान्याच्या रूपाने देणगी देणाऱ्यांनी आधी कोठीघरात चौकशी करावी. एकाच आठवड्यात चाळीस पोती तांदूळ यावेत आणि डाळ, तेल, गूळ विकत आणावे लागावे, असे प्रसंग येतात. साठविलेल्या धान्यास कीड लागते आणि मग दात्याचे दान वाया जाते. आयकराची सवलत पैशाच्या देणगीस असते, वस्तुरूप दानास नसते, आणि २०१७ पासून रु. २,००० हून अधिक रकमेची रोख देणगीही त्या सवलतीस पात्र धरली जात नाही. म्हणून मोठी रक्कम धनादेशाने किंवा बँकेमार्फत द्यावी आणि पावती अवश्य घ्यावी. पावतीवाचून कोणाच्याही हाती अन्नदानाचे पैसे देऊ नयेत, मग तो कितीही ओळखीचा असो.

मार्च २०२० मध्ये कोरोनाच्या साथीमुळे मंदिरे बंद झाली, तेव्हा पंगती उठल्या. परंतु अनेक ठिकाणच्या चुली विझल्या नाहीत. पायी गावाकडे निघालेले मजूर, रुग्णालयांतील नातलग, रोजगार गेलेली कुटुंबे यांच्यासाठी जेवणाची पाकिटे भरली गेली. दर्शनास कोणी येत नसताना अन्नछत्र चालविण्याचे कारण काय, असा प्रश्न त्या दिवसांत कोणी विचारल्याचे ऐकिवात नाही.

सेवेस येताना

सेवा करू इच्छिणाऱ्या भाविकांनी किमान आठ दिवस आधी कार्यालयात नाव नोंदवावे व ओळखपत्राची प्रत द्यावी. तासाभरासाठी येणाऱ्यांपेक्षा सकाळपासून शेवटच्या पंगतीपर्यंत थांबू शकणाऱ्यांची आवश्यकता अधिक असते. महिन्यातून एक ठरलेला वार देऊन तो वर्षभर पाळणारा सेवेकरी हा उत्सवात एकदम येणाऱ्या पन्नास जणांइतका मोलाचा ठरतो, कारण कोठीवाला त्याच्यावर विसंबून उद्याचे काम ठरवू शकतो.

सुती, धुतलेले कपडे असावेत. नखे कापलेली असावीत. अंगठ्या, बांगड्या, घड्याळ उतरवून ठेवावे. डोक्यास रुमाल किंवा टोपी असावी. ताप, जुलाब, खोकला असल्यास घरीच थांबावे. काम कोणते मिळेल हे तेथील प्रमुख सेवेकरी ठरवितात. निवृत्त अधिकारी लसूण सोलीत बसले आहेत आणि त्यांना काम सांगणारी बाई शाळा न शिकलेली आहे, असे दृश्य येथे नवीन नाही. ज्यांना ते रुचत नाही त्यांनी देणगी देऊन सेवा करावी. तीही सेवाच आहे.

वाढताना थोडे वाढावे आणि पुन्हा फिरावे. भरभरून वाढणे हे यजमानपणाचे लक्षण मानले जाते खरे, पण अन्नछत्रात ताटात टाकलेला भात म्हणजे पुढच्या पंगतीतील कोणाच्या तरी तोंडचा घास असतो. भाविकांनीही नको असेल ते वाढण्यापूर्वीच हात आडवा धरून सांगावे. लहान मुलांस वेगळे पूर्ण ताट न घेता आपल्या ताटातून द्यावे, आणि लागल्यास पुन्हा मागावे. मागण्यात कमीपणा नाही. उरलेले खरकटे गोशाळेस देण्यापूर्वी त्यातील प्लास्टिक, सुपारी, कागद वेगळे काढावे लागतात आणि ते कामही एखादा सेवेकरी हातानेच करीत असतो, हे ताटात कागदाचा बोळा टाकताना ध्यानात असावे.

सेवेकऱ्यांचे जेवण शेवटच्या पंगतीनंतर होते. वनपर्वातील सूर्याच्या थाळीची कथा सर्वांना ठाऊक आहे. द्रौपदी जेवेपर्यंतच ती थाळी अन्न देत असे, म्हणून द्रौपदी सर्वांच्या शेवटी जेवे. अन्नछत्रात तसा चमत्कार नसतो, पण क्रम तोच आहे. कधी भात संपलेला असतो आणि पोळीसोबत नुसती आमटी मिळते. कधी सर्व काही उरलेले असते. जेवण झाल्यावर कढया घासल्या जातात, जमीन धुतली जाते, कोठीवाला दिवसभरातील पंगतींचा आकडा वहीत लिहितो आणि दुसऱ्या दिवशीची डाळ मोजून बाहेर काढतो. सकाळच्या पाळीस पहाटे पाच वाजता हजर राहावे लागते. मुक्कामी राहणाऱ्या सेवेकऱ्यांनी भक्तनिवासातील आपल्या जागेची चौकशी नोंदणीच्या वेळीच करावी.